बादलीतलं पाणी

रबाळे एमआयडीसीत माझं व्हॉल्व्ह दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांचे बॉल व्हॉल्व्ह, ग्लोब व्हॉल्व्ह, सेफ्टी व्हॉल्व्ह आमच्या टेबलावर उघडले जातात. चाळिशी उलटल्यावर मालवणला पहिली स्कूबा डाइव्ह केली, तेव्हा तोंडात धरायचं रेग्युलेटर हातात आलं आणि मासे बघायच्या आधी मला त्याच्यातच रस वाटला. तेही शेवटी व्हॉल्व्हच. एक नव्हे, दोन. सिलिंडरवर बसतो तो फर्स्ट स्टेज: आतला २०० बारच्या आसपासचा दाब तो खाली आणतो, भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त इतक्यावर. तिथून नळी येते ती सेकंड स्टेजला, म्हणजे तोंडातल्या डबीला. आपण श्वास ओढला की तिच्यातली पातळ पडदी आत खेचली जाते, पडदी एक तरफ दाबते, झडप उघडते आणि त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाइतकी हवा मिळते. श्वास थांबला की झडप बंद. घरच्या गॅसच्या रेग्युलेटरचं हे थोरलं भावंड म्हणा.

पुढे स्वतःचं रेग्युलेटर घेतलं आणि दर मोसमात मालवणच्या फेऱ्या सुरू झाल्या. या वर्षांत पाणी आत शिरण्याचे बहुतेक सगळे प्रकार माझ्या वाट्याला आले. त्यांतून एक गोष्ट मला पक्की कळली आहे आणि ती नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहानं सांगतो. तोंडात आलेलं पाणी माणसाला घाबरवतं, पण ते एका फुंकरीत जातं. यंत्राचा खरा घात करणारं पाणी वेगळं. ते दिसत नाही, त्याची चव लागत नाही, आणि बहुतेक वेळा ते समुद्रात शिरतच नाही. ते घरी, बाथरूममधल्या बादलीत शिरतं.

१. आधी बाहेर, मग आत.

नेरूळच्या एका पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात गुडघ्यावर बसवून आमच्या इन्स्ट्रक्टरनं रेग्युलेटर तोंडातून काढायला लावलं. काढलं. परत तोंडात घातलं आणि सवयीनं श्वास ओढला. डबीत भरलेलं क्लोरिनचं पाणी थेट घशात. असा ठसका लागला की उभाच राहिलो. इन्स्ट्रक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण त्यानं शांतपणे तीनच शब्द सांगितले, "काका, आधी बाहेर."

म्हणजे रेग्युलेटर तोंडात घातल्यावर पहिली क्रिया उच्छ्वासाची. जोरात "थू" म्हटल्यासारखं फुंकायचं. डबीच्या तळाशी हनुवटीकडे रबरी झडप असते, तिच्यातून सगळं पाणी बाहेर फेकलं जातं. छातीत फुंकण्याइतकी हवाच नसेल तर जीभ टाळूला लावून घशाचं दार बंद करायचं आणि समोरचं पर्ज बटण क्षणभर दाबायचं. सिलिंडरमधली हवा पाण्याला ढकलून देते. जीभ वर नसेल तर तीच हवा पाण्याला तुमच्या घशात ढकलते, म्हणून जिभेला विसरू नका. त्यानंतरचा पहिला श्वास कधीही भरभरून घ्यायचा नाही. अर्धा आणि सावकाश, चहाचा पहिला घोट घेतो तसा. थेंब-दोन थेंब राहिले असतील तर ते जिभेवरच अडतात.

आणि ठसका लागलाच तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून खोकायचं. खोकल्याची हवा, थुंकी, काहीही त्या झडपेतून बाहेर जातं. उलटीसुद्धा. रेग्युलेटर काढून खोकलात तर पुढचा श्वास अनावरपणे येतो, आणि तो समुद्राचा असतो.

रेग्युलेटर तोंडाबाहेर असताना ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे हा नियमही तेव्हाच शिकवतात. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथं छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. श्वास कोंडून वर येणं फुप्फुसाला परवडत नाही. घाबरलेला माणूस नेमका श्वास कोंडतो आणि वर पळतो. तोंडातलं पाणी धोक्याचं ठरतं ते या पळण्यामुळे.

मालवण-तारकर्लीला एका दिवसाची हौशी डाइव्ह करायला जाणारे हजारो जण आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती: बोटीच्या कडेला पाण्यात उतरलात की खाली जाण्याआधी हे फुंकणं तीन-चार वेळा करून बघा. गाइड घाईत असला तरी थांबवा त्याला. "एकदा अजून करू दे" म्हणायला लाजायचं नाही.

२. थोडं पाणी आत असायलाच हवं.

हे मला कारागीर म्हणून फार आवडलं. सेकंड स्टेजच्या पुढच्या झाकणाला भोकं असतात, फर्स्ट स्टेजच्या अंगालाही बऱ्याच मॉडेलांत भोकं असतात. नवा माणूस ती पाहून दचकतो. पण पाणी तिथून आत येऊन पडदीला किंवा पिस्टनला दाबतं, तेव्हाच यंत्राला कळतं की आपण किती खोल आहोत आणि हवा किती दाबानं द्यायची. म्हणजे पडदीच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला आपला श्वास. सगळी गोष्ट त्या पडदीची सीमा सांभाळण्याची आहे. भोकांतून आत आलेलं पाणी बिघाड नव्हे, मात्र तिथं मीठ सुकू द्यायचं नाही.

३. वर काय, खाली काय, याचा विसर पडू देऊ नका.

उच्छ्वासाची झडप तळाशी असते, म्हणून सरळ असताना पाणी आपोआप तिच्याकडे ओघळतं. उताणं झालात, डोकं खाली पाय वर केलेत, किंवा डबी उलटी तोंडात घेतलीत, तर झडप वर आणि पाणी तोंडापाशी. अशा वेळी कितीही फुंकलं तरी घोटभर मागे राहतं. माझ्या पहिल्या पाच-सहा डाइव्हमध्ये हे दोनदा झालं. आता काही ओलसर लागलं की आधी मान सरळ करतो, हनुवटी खाली घेतो, मग फुंकतो.

झडपेची जागा किती महत्त्वाची, हे या यंत्राच्या जन्मकथेतच आहे. झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंच माणसांनी १९४३ साली आपलं रेग्युलेटर पॅरिसजवळ मार्न नदीत आजमावलं. कुस्तो आडवा पोहत होता तोवर ठीक. उभा राहिला की हवा भसाभसा वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढता येईना. दोघं विचार करत परत निघाले आणि कारण सापडलं: हवा बाहेर जाण्याची झडप आत येण्याच्या जागेपेक्षा साधारण १५ सेंटीमीटर वर होती, आणि तेवढ्या पाण्याच्या उंचीचा फरक सगळा तोल बिघडवत होता. दोन्ही एका पातळीवर आणल्यावर यंत्र कुठल्याही स्थितीत चालू लागलं. एका वितीपेक्षाही कमी पाण्यात एवढी ताकद असते. वर्कशॉपमध्ये ज्यांना "एवढ्यानं काय होतंय" म्हणायची सवय आहे, त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

४. दर श्वासाला थोडं थोडं पाणी येत असेल, तर ओठांना दोष देण्याआधी रबर बघा.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ ८-९ मीटरवर होतो. दर तिसऱ्या श्वासाला जिभेवर खारट थेंब. फुंकलं की जायचा, परत यायचा. वाटलं, मीच ओठ नीट मिटत नसेन. अख्खी डाइव्ह जबडा आवळून काढली. वर आलो तेव्हा गाल दुखत होते. दुसऱ्या डाइव्हलाही तेच.

रात्री खोलीवर ट्यूबलाइटखाली बसून माउथपीस बोटांनी हळूहळू वाकवत गेलो. वरून धडधाकट. दातांनी धरायच्या दोन टोकांवर चावल्याच्या खुणा होत्या, पण आरपार काही नव्हतं. शेवटी जिथं केबल टायनं ते डबीवर आवळलेलं असतं तिथं खालच्या बाजूला अंगठ्यानं ओढलं, आणि मिटलेली पापणी उघडावी तशी एक चीर उघडली. जेमतेम अर्धा सेंटीमीटर. सोडलं की परत मिटायची, काही दिसायचं नाही. पाण्याखाली मी जबडा जेवढा आवळत होतो तेवढं रबर ताणलं जाऊन ती जास्त उघडत होती.

माउथपीस ही सगळ्यात स्वस्त वस्तू. एक जास्तीचं आणि दोन केबल टाय पिशवीत असावेत. मालवणातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात केबल टाय मिळतो, पण त्याचं कापलेलं टोक ओठाला लागणार नाही असं वळवून बसवा. भाड्याचं रेग्युलेटर असेल तर तोंडात घालण्याआधी हे वाकवून बघणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

५. वाळूचा एक कण पुरतो.

उच्छ्वासाची झडप म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, कुत्र्याच्या छत्रीसारखी मधल्या देठावर बसवलेली. आतून हवा आली की कडा उचलते, हवा गेली की परत बसते. कडेखाली वाळूचा कण, केस, शेवाळाचा धागा अडकला की ती पूर्ण बसत नाही आणि पाणी झिरपतं. तारकर्लीची ती पांढरी बारीक वाळू दिसायला सुंदर, पण रेग्युलेटर तिच्यावर ठेवू नका. खाली असताना शंका आली तर डबी पाण्यात हलवून पर्ज बटण दोन-तीनदा दाबायचं, कण बहुधा उडून जातो.

यात सगळ्यात दुर्लक्षित असतो तो ऑक्टोपस, म्हणजे पिवळ्या नळीचा राखीव सेकंड स्टेज. तो आपल्या तोंडात कधी जात नाही, म्हणून त्याची कुणाला आठवण नसते. तो खाली लोंबतो, तळाला घासतो, वाळू गोळा करतो. आणि त्याची गरज लागते ती हवा संपलेल्या, घाबरलेल्या दुसऱ्या माणसाला. त्या माणसाला पहिल्याच श्वासाला घोटभर पाणी मिळालं तर काय होईल याचा विचार करा. मी दर डाइव्हला खाली गेल्यावर एकदा तरी ऑक्टोपसमधून दोन-तीन श्वास घेऊन बघतो.

६. सिलिंडर उघडण्याआधी एकदा ओढून बघा.

वर्कशॉपमध्ये गळती शोधायला आम्ही दाब देतो, तसा काही वेळा निर्वातही करून बघतो. इथं पंप म्हणजे आपलीच छाती. रेग्युलेटर सिलिंडरवर चढवलंय, सिलिंडर अजून बंद आहे, नळ्यांत हवा नाही. अशा वेळी माउथपीस तोंडात धरून हलकेच ओढायचं. काहीच येता कामा नये. ओठ ओढले जातात, पडदी आत खेचली गेल्याचं जाणवतं, आणि ओढ तशीच टिकून राहते. सुळकन हवा आली तर माउथपीस, पडदी किंवा झडप, तिघांपैकी कुणीतरी गळतंय. जिथून हवा येते तिथून खाली पाणी येणार. हेच ऑक्टोपसला. आमच्या ग्रुपमध्ये आता सगळे हे करतात. बोटीवर नळी तोंडात धरून गप्प बसलेल्या माणसांची रांग पाहून पर्यटक विचारतात, आणि मी प्रत्येकाला समजावून सांगतो.

७. बादली.

आता मुख्य गोष्ट. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मोसमातली शेवटची फेरी. तुतारी एक्स्प्रेसनं पहाटे पनवेलला उतरलो, सीवूड्सला घरी आलो, आणि झोपेच्या आधी सामान धुऊन टाकू म्हणून बाथरूममध्ये बसलो. बादली भरली. नवी मुंबईला मोरबे धरणाचं गोडं पाणी आहे, मीठ काढायला याहून चांगलं काय! रेग्युलेटर अख्खं बादलीत सोडलं. फर्स्ट स्टेज जड, तो तळाशी गेला. सेकंड स्टेज वर तरंगत होता. त्याच्यातलं मीठ निघावं म्हणून पाण्याखाली धरून पर्ज बटण पाच-सहा वेळा दाबलं. बुडबुडे आले. घाण निघतेय असं वाटलं.

त्या बुडबुड्यांचा अर्थ मला, तीस वर्षं व्हॉल्व्ह हाताळणाऱ्या माणसाला, तेव्हा कळायला हवा होता. सिलिंडर लावलेला नव्हता, म्हणजे नळीत दाब नव्हता. पर्ज बटण दाबलं की झडप उघडते. दाब असेल तर त्यातून हवा बाहेर येते. दाब नसेल तर नळीतली उरलीसुरली हवा बुडबुड्यांनी बाहेर आणि तिच्या जागी पाणी आत. फर्स्ट स्टेज तळाशी, नळी उतरती. पाणी पन्हळीतून उतरावं तसं सरळ त्याच्या पोटात गेलं. भरीला, फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची रबरी टोपी बसवलेली होती खरी, पण स्क्रू ढिला होता. तिथूनही पाणी शिरलं.

बाहेरून पुसलं, गॅलरीत टांगलं, दोन दिवसांनी कपाटात ठेवलं. मग नवी मुंबईचा पावसाळा. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते अशी हवा. नळीत कोंडलेलं पाणी कुठं सुकणार?

ऑक्टोबरमध्ये मालवणला पहिल्याच डाइव्हला श्वास जड येऊ लागला. आणि श्वास घेत नसतानाही तोंडाशी बारीक "सीऽऽ" आवाज, हवा झिरपत होती. मी वर आलो. परत येऊन ते अधिकृत सर्व्हिसवाल्याकडे दिलं आणि तो उघडताना शेजारी बसलो.

फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचा लहानसा फिल्टर असतो, कांस्याचे रवाळ दाणे भट्टीत एकमेकांना चिकटवून केलेला. नवा असतो तेव्हा बेसनाच्या लाडवासारखा रंग. माझा हिरवा झाला होता, न घासलेल्या तांब्याच्या कळशीच्या बुडासारखा. सर्व्हिसवाला म्हणाला, "हिरवा म्हणजे तुमच्या घरचं पाणी. तांबूस असता तर सिलिंडरमधला गंज. काळा असता तर कॉम्प्रेसरची काजळी." आत पितळेच्या अंगावर हिरवट पांढरी पूड होती, स्प्रिंगच्या वेढ्यात मिठाचे खडे होते. म्हणजे गोड्या पाण्यानं बाहेरचं मीठ विरघळवून आत नेऊन ठेवलं होतं. आणि जिथं सीट बसते त्या गोल धारेवर भिंगातून एक खड्डा दिसत होता, सुईच्या टोकाएवढा. सीट तिथं पूर्ण टेकत नव्हती. त्यामुळे मधला दाब ९-१० बारवर न थांबता हळूहळू वर चढत होता, आणि तो वाढलेला दाब सेकंड स्टेजची झडप ढकलून तोंडाशी "सीऽऽ" करत होता. कंपनीत असा व्हॉल्व्ह आला असता तर मी ऑपरेटरला चार शब्द सुनावले असते.

तेव्हापासून घरचा नियम असा. टोपी आधी कोरड्या फडक्यानं आतून पुसायची, मग बसवायची, स्क्रू बोटानं घट्ट. फर्स्ट स्टेज नळाच्या तोटीला टांगून बादलीच्या वर ठेवायचा आणि त्याच्यावरून वाहतं पाणी सोडायचं. सेकंड स्टेज खाली बादलीत, कोमट पाण्यात तासभर. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच. उकळतं पाणी रबराला मारतं. पाण्यात असेपर्यंत पर्ज बटणाला बोट लावायचं नाही. माउथपीसमधून पाणी आत सोडलं की ते तळच्या झडपेतून बाहेर पडतं, तेवढ्यानं मीठ जातं. डाइव्ह सेंटरवर असाल तर त्याहून सोपं: रेग्युलेटर सिलिंडरवर असतानाच, सिलिंडर उघडा ठेवून, पाण्यात बुडवा आणि खुशाल बटण दाबा. आत दाब असला की पाण्याला वाट नाही. आता मी शक्यतो तिथंच धुऊन आणतो.

सुकवायचं सावलीत, नळी कुठंही मोडणार नाही असं सैल टांगून.

८. कपाटात ठेवताना माउथपीसमध्ये झुरळ जाणार नाही असं बघा.

हे मी पूर्ण गांभीर्यानं लिहितोय. तोंडाचा वास त्याला ओढून आणतो. जाळीची पिशवी बांधून टांगा, आणि वापरण्याआधी उघड्या सिलिंडरवर पर्ज बटण दाबून आधी बाहेर हवा सोडा.

९. "टोपी लावलंस मां?"

मालवणला ज्या बोटीनं मी जातो तिचे तांडेल साठीच्या पुढचे. स्वतः कधी सिलिंडर पाठीवर घेतला नाही, पण डाइव्ह संपवून आलो की दरवेळी हा प्रश्न विचारतात. बोटीवर दोन डाइव्हच्या मधे रेग्युलेटर एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर जातं. त्या दोन मिनिटांत लाटेचा एक शिंतोडा, ओल्या केसांतून एक थेंब, आणि उघड्या फिल्टरवर मिठाचं पाणी. म्हणून काढलं की टोपी, आणि चढवायच्या क्षणापर्यंत टोपी.

टोपी सुकवायची एक वाईट सवय मी अनेक बोटींवर पाहिली आहे. सिलिंडर फस्सकन उघडून तिच्यावर हवेचा झोत मारायचा. आवाज दणदणीत होतो, पण टोपी शेजारच्या उघड्या फर्स्ट स्टेजजवळ धरलेली असेल तर तिचे थेंब उडून तिथंच जातात. फडकं घ्या. फडकं ओलं असेल तर टीशर्टची कोरडी बाही घ्या.

झोत मारायचा तो वेगळ्या कामासाठी: नवा सिलिंडर घेतला की त्याच्या तोंडाशी ओ-रिंगच्या खोबणीत पाणी साचलेलं असतं. रेग्युलेटर चढवण्याआधी तोंड माणसांपासून दुसरीकडे वळवून व्हॉल्व्ह क्षणभर उघडायचा. थेंब उडून गेले की बंद. हे केलं नाही तर सिलिंडर उघडताक्षणी ते थेंब २०० बारच्या धक्क्यानं फिल्टरमध्ये मारले जातात.

१०. सिलिंडर पूर्ण रिकामा करू नका.

५० बार शिल्लक ठेवून वर यायचं ते आपल्या जिवासाठी, पण सिलिंडरसाठीही. पूर्ण रिकाम्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पाण्यात उघडा राहिला तर समुद्र आत येतो. लोखंडी असेल तर गंज, अॅल्युमिनियम असेल तर पांढरी पूड, आणि पुढची प्रत्येक डाइव्ह ती घाण रेग्युलेटरकडे पाठवत राहते. शंका आली तर सिलिंडर हळूच उलटा करून कान लावा. आत पाणी असेल तर शहाळ्यासारखं वाजतं. असा सिलिंडर बाजूला काढायचा आणि भरणाऱ्याला दाखवायचा. दाबाच्या सिलिंडरांचे नियम आणि चाचण्या आपल्याकडे नागपूरच्या पेसो या केंद्रीय कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते. ती वाचायची सवय लावा.

११. येत असेल तरी उघडू नका.

माझ्या टेबलावर प्रत्येक मापाच्या ओ-रिंग आहेत, टॉर्क पाना आहे, भिंग आहे. तो हिरवा फिल्टर पाहिल्यावर हात शिवशिवले. तरी फर्स्ट स्टेज मी स्वतः उघडत नाही. आमच्या वर्कशॉपच्या हवेतच तेल आहे. बोटांना, पान्याला, फडक्याला लागलेलं. या यंत्रातून माणूस श्वास घेणार आहे. त्याला वेगळं ग्रीस लागतं, त्या मॉडेलचे मोजून दिलेले भाग लागतात, मधला दाब बघायचा गेज लागतो, आणि ते रोज करणारा हात लागतो.

पाणी आत गेल्याची नुसती शंका आली तरी काय करायचं? लपवायचं नाही, कपाटात ठेवायचं नाही. शक्य असेल तर त्याच दिवशी चालू सिलिंडरवर चढवून, नळ्या खाली लोंबत्या ठेवून, दोन्ही सेकंड स्टेजची पर्ज बटणं दाबून हवा जाऊ द्यायची, म्हणजे साचलेलं पाणी निघून जातं. ही फक्त मलमपट्टी. सर्व्हिस झाल्याशिवाय ते घेऊन पाण्यात उतरायचं नाही. मी चार महिने वाट पाहिली आणि सीटची धार गमावली. चार दिवसांत नेलं असतं तर बहुधा साफसफाईवर भागलं असतं.

१२. पाणी चवीआधी आवाजात येतं.

हे मला एका बंदरातल्या कामगार डाइव्हरनं सांगितलं. एका व्हॉल्व्हच्या कामाच्या निमित्तानं तो वर्कशॉपमध्ये आला होता. त्याचं आयुष्य खाडीत आणि जहाजांच्या पोटाखाली गेलं. आपल्या ठाण्याच्या खाडीत पाण्याखाली स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही, सगळा गाळ. तिथं त्याचे डोळे म्हणजे बोटं आणि कान. तो म्हणाला, "कोरडा श्वास सपाट वाजतो. पाणी आलं की उच्छ्वासात हुक्क्यासारखी गुडगुड येते. ती ऐकू आली की लगेच फुंकायचं, चव लागेपर्यंत थांबायचं नाही." पुढच्या फेरीत मी डोळे मिटून नुसतं ऐकलं. खरंच, गुडगुड आधी येते. दोन-तीन श्वास आधी.

१३. दुसऱ्याच्या तोंडातलं पाणी आपण काढू शकत नाही.

माझी मुलगी १६ वर्षांची झाली तेव्हा तिला तारकर्लीच्या प्रशिक्षण संस्थेत शिकायला पाठवलं. तिथं खास खोल तलाव आहे. सगळं नीट शिकली. मग किल्ल्याजवळ आम्ही एकत्र उतरलो. सात मीटरवर मोठ्या खडकाच्या कडेला ती काहीतरी बघायला उताणी वळली, आणि मला तिचे डोळे मोठे झालेले दिसले. छाती एकदा हलली आणि थांबली. तिच्या रेग्युलेटरकडे माझा हात आपोआप गेला. तो मी थांबवला. पर्ज बटण मी दाबलं असतं आणि तिची जीभ वर नसती, तर मीच पाणी तिच्या घशात मारलं असतं. मी तिचा दंड धरला, ती वर सुटणार नाही एवढाच, आणि तिच्या डोळ्यांसमोर माझी हनुवटी खाली केली. तिनं पाहिलं. पालथी झाली, हनुवटी खाली, फुंकलं. बुडबुड्यांचा मोठा झुपका. मग अर्धा श्वास. मग खोकली, रेग्युलेटरमध्येच, दोनदा. मग अजून एक श्वास, आणि हाताची "ठीक आहे" अशी खूण. मी तिचा दंड सोडला नाही. वर आल्यावर तिथं माझ्या बोटांचे वळ होते. बोटीवर ती म्हणाली, "बाबा, उताणी झाल्यावर झडप वर जाते ना." म्हटलं, "हो गं. जाते."

१४. सर्व्हिसला जूनमध्ये द्या.

साधारण वर्षाला एकदा किंवा उत्पादकानं सांगितलेल्या संख्येइतक्या डाइव्ह झाल्यावर, जे आधी येईल तेव्हा. कोकणात मे संपला की डाइव्हिंग बंद होतं आणि ऑक्टोबरपर्यंत पाणी निवळत नाही. तोवर यंत्र तुम्हाला लागत नाही, आणि कपाटातल्या दमट हवेपेक्षा ते दुरुस्तीच्या टेबलावर बरं. सप्टेंबरात सगळ्यांची एकदम घाई होते, भाग वेळेवर येत नाहीत. जुना फिल्टर मागून घ्या आणि रंग बघा. परत आलेल्या रेग्युलेटरबरोबर मधला दाब किती लावला आहे तो आकडा कागदावर लिहून घ्या. मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो. यंदाचा आकडा ९.५.